सहा जणींना पोटात घेतलेली टॅमी

'टॅमी' या साप्ताहिकाचा २३ जून १९८४ ही तारीख छापलेला अंक ब्रिटनमधल्या पेपरवाल्यांच्या दुकानांत आला तेव्हा त्यात वेगळं असं काही नव्हतं. मुलींसाठीच्या चित्रकथा होत्या आणि प्रत्येक भागाच्या शेवटच्या चौकटीत नायिका रिवाजाप्रमाणे संकटाच्या तोंडाशी उभी होती. पुढच्या शनिवारी अंक आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. प्रकाशक आयपीसी कंपनीत संप सुरू होता. तो मिटला, पण टॅमी परत आली नाही. ऑगस्टमध्ये 'गर्ल' नावाच्या दुसऱ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर टॅमीचं नाव काही काळ दिसलं आणि मग तेही गेलं. अर्ध्यावर असलेल्या गोष्टी अर्ध्यावरच राहिल्या.

'क्रमशः' हा शब्द म्हणजे वाचकाला दिलेला शब्द असतो. तेरा वर्षं दर आठवड्याला तो पाळणाऱ्या टॅमीकडून एकाएकी मोडला कसा गेला, हे या प्रकरणात बघायचं आहे. सगळा दोष संपावर टाकून मोकळं होता येईल. पण आयपीसीची इतरही साप्ताहिकं होती आणि त्यांतली बहुतेक संपानंतर परतली. टॅमीच का नाही, याचं उत्तर तिच्या जन्मापासून शोधत यावं लागतं.

एक खुलासा आधीच करतो. यातल्या बहुतेक साप्ताहिकांची नावं मुलींची आहेत: सॅली, सँडी, जून, मिस्टी, जिंटी. त्यामुळे मी त्यांच्याबद्दल 'ती'च म्हणणार आहे. 'ते नियतकालिक बंद पडलं' असं लिहायला गेलं की हात अडतो.

डंडीचा दबदबा

ब्रिटनमधली मुलींची साप्ताहिकं सुरुवातीला सगळी मजकुराचीच असत. १९१९ साली निघालेल्या 'स्कूल फ्रेंड'मध्ये शाळकरी मुलींच्या लांबलचक कथा येत. त्यांची लेखिका म्हणून हिल्डा रिचर्ड्स हे नाव छापलेलं असे आणि त्या नावामागे चार्ल्स हॅमिल्टन नावाचा पुरुष होता. बेसी बंटर ही जाडी, खादाड, थापाडी मुलगी त्यानेच आणली. तिचं नाव लक्षात असू द्या, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९५० साली 'स्कूल फ्रेंड' नव्याने निघाली ती चित्रकथांची होऊन. डोक्यावरून टोपडी घेऊन जुलमी मॉनिटरशी गुपचूप झुंजणाऱ्या तीन वसतिगृहवासी मुलींची मालिका तिच्यात गाजली. पुढच्याच वर्षी हल्टन प्रेसने 'ईगल' या मुलांच्या साप्ताहिकाची बहीण म्हणून 'गर्ल' काढली. तिच्या पहिल्या मुखपृष्ठावर वैमानिक नायिका होती आणि तिच्या विमानावरचा सगळा चमू मुलींचा होता. हा बेत वाचकांच्या फारसा पचनी पडला नाही. थोड्याच काळात मुखपृष्ठ दोन शाळकरी मैत्रिणींकडे गेलं.

खरी बाजी मारली ती स्कॉटलंडमधल्या डंडी शहराने. डी. सी. थॉमसन या तिथल्या कंपनीने १८ जानेवारी १९५८ रोजी 'बंटी' काढली. 'द फोर मेरीज' ही तिची मुख्य मालिका. एकाच वसतिगृहात राहणाऱ्या, मेरी याच नावाच्या चार मुली, आणि त्यांतली एक कामगाराच्या घरातली, शिष्यवृत्तीवर आलेली. मागच्या पानावर कापून काढायची कागदी बाहुली आणि तिचे कपडे. बंटी २००१ पर्यंत चालली. तिच्या मागोमाग डंडीने जूडी, डायना आणि मँडी काढल्या. लंडनच्या कंपन्यांना मुलींच्या बाजारात पाय रोवायचा तर डंडीच्या पुढे एक पाऊल टाकायला हवं होतं.

रडवणारी शाळा

आयपीसीने ते पाऊल ६ फेब्रुवारी १९७१ रोजी टाकलं. ब्रिटनमध्ये दशमान नाणी यायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. टॅमीच्या मांडणीमागे जॉन पर्डी होता आणि संपादनात गेरी फिन्ली-डे. त्यांनी घेतलेला निर्णय सोपा आणि निर्दय होता: बंटीत नायिकेला त्रास होतो ना, मग आपल्याकडे दुप्पट होऊ दे.

पहिल्याच अंकात फिन्ली-डेची 'स्लेव्हज ऑफ वॉर ऑर्फन फार्म' सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला शहरातली मुलं खेड्यांत पाठवत, तशी पाठवलेली केट एका शेतावर येऊन पडते आणि तिथली मालकीण या पोरक्या मुलांना दगडाच्या खाणीत राबवते. त्याच अंकात मॉली मिल्सही आली. १९२०च्या दशकातल्या एका जमीनदारी वाड्यात मॉली मोलकरीण आहे आणि बटलर पिकरिंग तिच्यावर उठताबसता डूख धरून असतो. ही मालिका पुढे दहा वर्षांहून जास्त चालली.

त्या काळात या साप्ताहिकांसाठी लिहिणारा पॅट मिल्स पुढे सांगत असे की गोष्टींचे साचे ठरलेले असत: सिंड्रेलाची गोष्ट, गुलामीची गोष्ट, मैत्रिणीची गोष्ट आणि रहस्याची गोष्ट. साच्यांची नावं ऐकूनच बऱ्याच जणांना हे सगळं हलकं वाटतं. मला तसं वाटत नाही. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास पुन्हा पुन्हा येतो म्हणून आपण त्यांना साचेबद्ध म्हणत नाही, कारण दळणारीला तिथे स्वतःची अवस्था ओळखू येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचीही अवस्था असते. तिच्याबद्दलचे सगळे निर्णय मोठी माणसं घेतात, आणि ती माणसं चुकली तर दाद मागायला तिसरं कोणी नसतं. टॅमीच्या गोष्टींत हे शंभर पटींनी फुगवून येई, पण मुळात ते खरं होतं. शिवाय या नायिका मुळूमुळू रडत बसत नसत. त्या पळण्याचे बेत आखत, पुरावे लपवत आणि योग्य वेळेची वाट बघत.

या साच्याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे 'बेला अ‍ॅट द बार'. ती १९७४ साली सुरू झाली. पहिली मालिका जेनी मॅकडेडची आणि चित्रं जॉन आर्मस्ट्राँगची. बेला बार्लो अनाथ आहे. काका जेड आणि काकू गर्ट तिला शिडी आणि बादली देऊन खिडक्या पुसायला लावतात आणि कमाई आपल्या खिशात घालतात. बेलाच्या अंगात मात्र जिम्नॅस्टिक्स आहे. परसातल्या मोडक्यातोडक्या सामानावर ती सराव करते. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ओल्गा कोर्बुटमुळे जिम्नॅस्टिक्सचं वेड जगभर पसरलं होतं आणि बेला त्या लाटेवर अचूक आली. पण आर्मस्ट्राँगची रेषा नसती तर नुसत्या लाटेने तिला दहा वर्षं तारलं नसतं. उलट्या कोलांटीत हवेत असलेलं शरीर, खांद्यावर आलेला भार, जमिनीला टेकायच्या आधी ताणलेले पंजे, हे तो असं काढी की पान बघतानाच श्वास अडकावा. तीन-चार पानांच्या भागात काकाची लबाडी आणि बेलाची उडी दोन्ही बसवायची, आणि तेही दर आठवड्याला. ही कारागिरी कमी लेखू नये.

बारसं, लग्न, तेरावं

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. ब्रिटिश कॉमिक्सच्या धंद्यात एक रीत होती आणि तिला धंद्यातच एक कुत्सित, यमक जुळवलेलं नाव होतं. मराठीत त्याचा अर्थ जवळपास 'बारसं, लग्न, तेरावं' असा होईल.

नवं साप्ताहिक वाजतगाजत काढायचं. पहिल्या काही अंकांबरोबर फुकट वस्तू द्यायची. उत्सुकतेपोटी खप उसळतो, मग हळूहळू बसतो. तो ठरावीक रेषेच्या खाली गेला की त्या साप्ताहिकाचं घरातल्याच दुसऱ्या, जरा बऱ्या चाललेल्या साप्ताहिकाशी लग्न लावायचं. ही गोष्ट वाचकांना शेवटच्या अंकातच कळे आणि तीही 'आनंदाची बातमी' म्हणून! पुढच्या शनिवारपासून मुखपृष्ठावर जोडनाव. काही महिन्यांनी दुसरं नाव लहान होत जाई आणि मग दिसेनासं होई.

आकड्यांच्या हिशेबात यात चूक दिसत नाही. अनेक घरांत साप्ताहिक पेपरवाल्याकडे रतीबासारखं लावलेलं असे. जोडनावामुळे तो रतीब आपोआप नव्या अंकाकडे वळे. बंद पडणाऱ्या साप्ताहिकातल्या दोन-तीन लाडक्या मालिका सोबत आणल्या की वाचक मुलगीही मागोमाग येते, निदान काही दिवस. अंकात कुपन असे, त्यावर आवडत्या गोष्टी लिहून पाठवायच्या. कोणती मालिका जगवायची हे संपादकांना त्यातून कळे.

टॅमीने हे लग्न एकदा नव्हे, सहा वेळा केलं. १९७१ साली सॅली आली. १९७३ साली सँडी आली, तीही दोन वर्षं धड पुरी न करता. १९७४ साली जून, १९८० साली मिस्टी, १९८१ साली जिंटी आणि १९८४ साली प्रिन्सेस.

या येणाऱ्याही एकट्या येत नव्हत्या. जूनच्या पोटात पॉपेट होती, पिक्सी होती आणि १९६५ पासून 'स्कूल फ्रेंड' होती. त्या 'स्कूल फ्रेंड'च्या पोटात १९३५ साली जन्मलेली 'गर्ल्स क्रिस्टल' होती. जिंटीने आधी लिंडी आणि पेनी घेतल्या होत्या. लिंडी तर १९७५ साली काही महिनेच जगली. म्हणजे टॅमीच्या सहा जणींची वंशावळ काढायला बसलो तर डझनभर नावं निघतात.

आणि बेसी बंटर? ती या सगळ्या लग्नांत वऱ्हाडासारखी फिरली. 'स्कूल फ्रेंड'मधून जूनमध्ये आणि जूनमधून टॅमीत. १९१९ सालची खादाड मुलगी १९७०च्या दशकातही केक चोरत होती आणि तिच्या जाडेपणावर अजून तोच विनोद चालू होता. लग्नांचा हा एक तोटा. लाडकं म्हणून जे सोबत येतं ते कित्येकदा नुसतं जुनं असतं.

सँडीचं मात्र वेगळं. तिचा संपादक काही काळ जॉन वॅग्नर होता. हा आणि मिल्स, दोघंही डंडीत शिकून लंडनला आलेले. सँडीतली कंजूष काकाची विनोदी मालिका वॅग्नरची, आणि ती टॅमीत आली तेव्हा धमाल टिकून राहिली. पुढे याच मंडळींनी मुलांची कॉमिक्स उलटीपालटी केली: १९७५ साली 'बॅटल', १९७६ साली 'अ‍ॅक्शन' आणि १९७७ साली '२००० एडी'. '२००० एडी'मधल्या जज ड्रेड या गाजलेल्या पात्राचा लेखक वॅग्नर मुलींच्या साप्ताहिकात तयार झाला, हे ड्रेडच्या चाहत्यांना सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मुलांच्या जुन्या कॉमिक्समध्ये नायक गोळ्या झाडे आणि जिंके. आतून तुटणारी, द्विधा मनाची पात्रं कशी लिहायची ते या लेखकांनी टॅमीच्या शाळेत गिरवलं होतं.

मिस्टीचं लग्न

सहांपैकी एका लग्नाजवळ थांबायला हवं, कारण सगळ्या रीतीचा दोष त्यात स्पष्ट दिसतो.

'२००० एडी' चालल्यावर मिल्सच्या मनात आलं की हेच मुलींसाठी करावं. विज्ञानकथेऐवजी भयकथा, मोठी चित्रं, मोकळी मांडणी. त्याने कंपनीकडे नफ्यात वाटा मागितला. कंपनीने नाही म्हटलं. मग संपादक होण्याऐवजी तो नुसता सल्लागार राहिला. ४ फेब्रुवारी १९७८ रोजी मिस्टी निघाली आणि तिच्या संपादनाचा मोठा भार माल्कम शॉ याने उचलला. मिस्टी म्हणजे धुक्यातून बोलणारी काळ्याभोर केसांची बाई. तिचा चेहरा शर्ली बेलवूड यांनी काढलेला. आतल्या गोष्टी खरोखर भीती घालणाऱ्या होत्या. शॉची 'द सेंटिनल्स' घ्या. ओसाड पडलेल्या उंच इमारतींपैकी एकीत शिरलेलं कुटुंब भलत्याच ब्रिटनमध्ये पोचतं, जिथे हिटलरने युद्ध जिंकलेलं आहे. मिल्सची 'मूनचाइल्ड' आर्मस्ट्राँगनेच काढली, म्हणजे बेलाच्या हवेत उडणाऱ्या अंगाला जी रेषा होती तीच आता नजरेने वस्तू हलवणाऱ्या मुलीला लाभली.

दोन वर्षांच्या आत, जानेवारी १९८० मध्ये, मिस्टी टॅमीत गेली. हिशेबाने ठीकच. पण मिस्टीची वाचक आणि टॅमीची वाचक एक नव्हती. जिला अमावास्येच्या रात्रीची गोष्ट हवी तिच्या हातात वसतिगृहाची गोष्ट आली. जिला वसतिगृह हवं तिला मध्येच भूत भेटलं. मिस्टी हे एक वातावरण होतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतचं. त्यातल्या एक-दोन गोष्टी उचलून दुसऱ्या घरात मांडल्या की वातावरण मागेच राहतं.

पुढच्या वर्षी जिंटीची पाळी. मॅव्हिस मिलर या संपादिकेच्या हाताखाली जिंटीने मुलींसाठी विज्ञानकथा आणल्या होत्या. पुरात बुडालेल्या ब्रिटनमधून चालत जाणारी मुलगी १९७६ सालीच जिंटीत होती. टॅमीत तिच्यामागून मुख्यतः आली ती 'पॅम ऑफ पॉन्ड हिल', साध्या सरकारी शाळेतली, हसरी, रोजच्या जगण्यातली मालिका. चांगलीच होती. पण जिंटीचं वेगळेपण होतं ते आलं नाही.

माझं मत असं की प्रत्येक लग्नात टॅमी जाडी होत गेली आणि तिचा चेहरा पुसट होत गेला. १९७१ सालची टॅमी कोण होती हे पहिलं पान उलटताच कळे. १९८४ साली तिच्याकडे सहा घरांची भांडी होती.

बिनानावाची माणसं

यात दुसरीही एक गोष्ट मिसळली होती. या गोष्टी कोण लिहितं, कोण काढतं, हे वाचक मुलींना माहीत नसे. नावं छापत नसत. चित्रकाराने कोपऱ्यात सही केली तर ती पुसली जाई. मूळ चित्रं कंपनीकडेच राहत. गोष्टीचे हक्क कंपनीचे, पुनर्मुद्रणाचा मोबदला नाही.

'२००० एडी'मध्ये मात्र लवकरच लेखक-चित्रकारांची नावं यायला लागली. टॅमीत ती १९८२ साली आली, म्हणजे अकरा वर्षांनी. पॅमचा लेखक जे ओव्हर आहे हे वाचकांना तेव्हा कळलं. या छापील नावांमुळेच आज अभ्यासकांना निदान त्या काळापुरतं कोण काय लिहीत होतं हे खात्रीने सांगता येतं. त्याआधीच्या कित्येक गोष्टींचे लेखक अंदाजाने शोधावे लागतात.

नाव छापण्याचा आणि साप्ताहिक जगण्याचा संबंध आहे असं मी म्हणतो, आणि इथे कोणी माझ्याशी भांडू शकेल. '२००० एडी'नेही दोन लग्नं केली होती, १९७८ साली स्टारलॉर्डशी आणि १९७९ साली टॉर्नेडोशी. तरी ती टिकली. तिचा वाचक अमक्या चित्रकारासाठी अंक घेई, आणि म्हणून सोळा-वीस वर्षांचा झाला तरी घेत राहिला. मुलींच्या साप्ताहिकांत उलटं गृहीत होतं: वाचक मुलगी तीन-चार वर्षांनी मोठी होणार, प्रेमकथांच्या आणि गायकांच्या मासिकांकडे जाणार, तिच्या जागी धाकटी येणार. मग जुन्या गोष्टी पुन्हा छापल्या तरी चालतं. मोठ्या होणाऱ्या मुलीला थांबवण्यासारखं काही घडवावं, हा विचार मिस्टीच्या रूपाने एकदा आला आणि दोन वर्षांत आवरला गेला.

तोवर १९८०च्या दशकात धाकट्याही कमी होत चालल्या होत्या. दूरचित्रवाणी होतीच, शिवाय चित्रांऐवजी छायाचित्रांतून गोष्ट सांगायची टूम आली होती. टॅमी ज्या 'गर्ल'मध्ये शेवटी विरली ती तसलीच. तिचा हल्टनच्या जुन्या 'गर्ल'शी नावापलीकडे संबंध नव्हता. बेलाची कोलांटी छायाचित्रात कशी बसवणार?

संपानंतर

एप्रिल १९८४ मध्ये प्रिन्सेस टॅमीत आली तेव्हा ती जेमतेम सात महिन्यांची होती. जूनमध्ये संप. टॅमीचा खप त्या वेळी भक्कम असता तर कंपनीने संप मिटताच ती पुन्हा सुरू केली असती. व्यापारी चालता माल सोडत नाही. तिचंही लग्न 'गर्ल'शी लावायचं ठरत होतंच. संपामुळे एवढंच झालं की निरोपाचा अंक निघाला नाही आणि 'आनंदाची बातमी' द्यायचं नाटकही करावं लागलं नाही.

मुलींनी जपून ठेवलेले अंकही फारसे उरले नाहीत. मेल गिब्सन या ब्रिटिश अभ्यासिकेने (अभिनेता वेगळा) मोठ्या झालेल्या वाचक बायकांच्या आठवणींवर काम केलं आहे, आणि त्यात घरच्यांनी परस्पर टाकून दिलेली कॉमिक्स पुन्हा पुन्हा येतात. भावांचे गठ्ठे माळ्यावर गेले, बहिणींचे रद्दीत.

आयपीसीचा हा जुना ठेवा पुढे या हातातून त्या हातात गेला. २०१६ साली रेबेलियन या ऑक्सफर्डच्या कंपनीने तो विकत घेतला. हीच कंपनी २००० सालापासून '२००० एडी' काढते, म्हणजे बहिणी अखेर भावाच्याच घरी आल्या. त्याच वर्षी मिस्टीतल्या गोष्टींचं पुस्तक निघालं. मग बेलाचंही निघालं आणि त्यावर जेनी मॅकडेड आणि जॉन आर्मस्ट्राँग ही नावं ठळक छापलेली होती.

२०१९ साली रेबेलियनने नव्या गोष्टींचा एक विशेषांक काढला. पस्तीस वर्षांनी दुकानात परतलेल्या त्या मुखपृष्ठावर पुन्हा जोडनावच होतं: 'टॅमी अँड जिंटी'.